पुढच्या चाकांची उडी

गाडी उड्या का मारते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कापड विणणारा लूम उड्या का मारतो, ते ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर मी एका शेठच्या मुलाच्या शर्यतीच्या गाडीत हात घातला, आणि पुढं जे झालं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत माझी कीव करत बसायला नको.

त्या वेळी मी सुरतेत, भेस्तानच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा माणूस. राहायला डिंडोलीत एक खोली. आजूबाजूला सगळी आमच्याच खानदेशातली माणसं. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी आम्ही सगळे गावाकडं पळालो होतो आणि थोड्याच दिवसांत सगळे परतही आलो होतो, कारण गावाकडं प्लेग नव्हता तसं कामही नव्हतं. खात्यात पत्र्याच्या एकाच छपराखाली साठ लूम. प्रत्येक लूमचा लाकडी दांडा सूत नेणाऱ्या धोट्याला फटका मारतो, धोटा पलीकडं जाऊन आपटतो, तिकडून पुन्हा फटका. साठ लूम, दिवसाचे बारा तास. त्यात मी बारा वर्षं काढली होती.

कानाच्या डॉक्टरनं मला एका बंद खोलीत बसवून कानावर यंत्र चढवलं. बराच वेळ काहीच वाजेना, तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलंय. उघडून बघू का, असंही विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, डावा कान गेल्यात जमा आहे, उजवा निम्मा उरलाय. खातं सोडलं तर तो निम्मा टिकेल, नाही सोडलं तर दोन-तीन वर्षांत तोही जाईल. खातं सोडा, असं त्यानं दोनदा सांगितलं, जसा काही मी हौसेनं तिथं जाऊन बसत होतो.

सोडून जायचं कुठं? मार्केटात कापडाचे तागे पाठीवर वाहायला माझी कंबर धड नव्हती. डाइंगच्या दोन मिलांमध्ये विचारून आलो, दोन्हीकडं नाही म्हणाले. हातात कसब होतं ते लूमचं, आणि लूम जिथं तिथं तो आवाज. म्हणजे हात वाचवायचे तर कान द्यायचे, असा हिशेब.

घरी आठ महिन्यांची मुलगी होती. ती तोंडानं काहीबाही आवाज काढायला लागली होती. मी कामावरून आलो की बायको तिला माझ्या उजव्या कानाशी धरायची. तेवढ्या जवळून ऐकू यायचं. ती बोलायला लागेल तेव्हा मला ते ऐकायचं होतं. एवढंच. याहून मोठं काही मला नको होतं, आणि हे मी कुणाला सांगितलंही नाही, कारण आमच्याकडं बाप्या माणसानं असलं बोलणं म्हणजे चारचौघांत हसू.

आमच्या खात्याच्या मालकाचा धाकटा मुलगा, ज्याला आम्ही छोटे शेठ म्हणत असू, त्याला गाड्यांचं वेड होतं. त्याची पुढच्या चाकांवर चालणारी एक लहान गाडी होती. तिचं इंजिन त्यानं मुंबईच्या कुणा कारागिराकडून खोलून, ताकद वाढवून आणलं होतं. रविवारी पहाटे डुमसकडं जाणाऱ्या रस्त्याच्या एका सरळ तुकड्यावर अशी सात-आठ श्रीमंतांची पोरं जमायची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल खाली पडला की सुटायचं, चुन्याच्या पुढच्या रेघेपर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, काही नाही. सारा खेळ सुटण्याचा. आणि छोटे शेठची गाडी सुटायच्या वेळीच उड्या मारायची.

मी ती पहिल्यांदा बघितली आमच्या खात्याच्या अंगणात. त्यानं फाटकाजवळून गाडी जोरात सोडली आणि गाडीचं नाक धडधड वरखाली व्हायला लागलं. पुढची चाकं जमिनीवर आपटत होती, गाडी मात्र जागची फारशी हलत नव्हती. शेवटी इंजिन बंद पडलं. तो खाली उतरून दाराला लाथ मारत म्हणाला, "देडको छे, देडको!" बेडूक म्हणत होता तिला. त्याच्या गॅरेजवाल्यानं हात टेकले होते.

मी पुढं होऊन बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हटलं, पुन्हा एकदा सोडा, जरा हळू. लूमच्या खात्यात ऐकून काही कळत नाही, म्हणून आम्ही जॉबर लोक हातानं ऐकतो. लूमच्या चौकटीवर तळवा ठेवला की कोणता भाग ढिला आहे ते समजतं. त्यानं गाडी सोडली, मी बाजूनं दोन पावलं धावलो, आणि मला जे हातात लागलं ते ओळखीचं होतं. पट्टा पुलीवर धरतो, घसरतो, पुन्हा धरतो, तेव्हा लूम असाच थरथरत जमिनीवरून सरकतो. मी त्याला सांगितलं, ही चाकं नुसती घसरत नाहीत, धरतात नि सुटतात, धरतात नि सुटतात. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी त्याच्या कुंडलीतलं काही सांगतोय.

त्या दिवसापासून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी मी गाडीपाशी. पुढचे दोन महिने मी त्या एका उडीच्या मागं होतो.

पहिल्या रविवारी छोटे शेठचे मित्र अक्कल पाजळायला हजर होते. एकजण म्हणाला, ट्रकला कसं, मागं भार असला की चाकं धरतात. डिकीत वाळूची दोन पोती टाका. टाकली. गाडी आधी जेवढ्या उड्या मारायची त्याच्या दुप्पट मारायला लागली. ट्रकची मागची चाकं ओढतात, हिची पुढची, एवढं साधं त्या शहाण्यांच्या ध्यानात येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पोती टाकेपर्यंत माझ्याही आलं नव्हतं. मी मात्र पोती काढताना, मला आधीच माहीत होतं, असा चेहरा ठेवला.

मग मी रस्त्यावर आडवा झालो. डांबरावर गाल टेकून, चाकापासून हातभर अंतरावर, आणि छोटे शेठला म्हटलं, सोडा. त्यानं सोडली. दहा-बारा वेळा सोडायला लावली. माझ्या तोंडात वाळू गेली, पण दिसायचं ते दिसलं. सुटताना गाडी मागं बसते, नाक उचलतं. नाक उचललं की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात आणि घसरतात. घसरली की नाक खाली येतं, चाकं पुन्हा रस्ता धरतात. धरली की सगळा जोर चाकाला धरणाऱ्या दांड्यावर, आर्मवर येतो, आर्मच्या टोकांतले रबराचे बुश पिळले जातात, इंजिन आपल्या रबरी फाउंडेशनवर मागं कलंडतं, आणि ते सगळं पिळलेलं रबर एकदम उलटं सुटतं. चाक उडतं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी उठलो तेव्हा फार खूश होतो. बारा वर्षांत कुणी मला नवा लूम दाखवला नव्हता, हा एक नवा लूम होता.

खात्यात मशीनच्या जुन्या पट्ट्यांचे तुकडे ढिगानं पडलेले असायचे, कॅनव्हास नि रबराचे थर एकत्र दाबून केलेले. ते कापून मी इंजिनच्या फाउंडेशनच्या पोकळ जागांत गच्च ठोकून बसवले. इंजिन हलायचं थांबलं, उडी निम्म्यानं कमी झाली. आर्मचे रबरी बुश काढून त्या जागी उधन्याच्या एका लेथवाल्याकडून कडक प्लॅस्टिकचे बुश कातून घेतले. धोट्याचा मार खाणारे जे तुकडे लूमला असतात, त्याच मालाचे. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, डिकीतला गालिचासुद्धा काढला. मागच्या स्प्रिंगांत लाकडाचे गुटके अडकवले, म्हणजे सुटताना गाडीला मागं बसताच येऊ नये. गाडी आता शेपूट वर करून उभी राहायची आणि रस्त्यावरची माणसं हसायची. पुढच्या टायरमधली हवा कमी केली, मागच्यात वाढवली. पुढची हवा किती कमी करायची हे कळायला तीन रविवार गेले. फार कमी केली की टायर रिमवर लोळतो.

राहिला चालवणारा. छोटे शेठ क्लचवरचा पाय झटक्यानं काढायचा. मी त्याला शिकवलं की लूम चालू करताना पट्टा आधी ताणून घ्यायचा, मग भार द्यायचा. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच धरायला लागेपर्यंत वर आणायचा, गाडी जराशी दबली की सगळी ढील निघाली असं समजायचं, आणि मग सोडायचं. मालकाच्या मुलाला मी पायावर थाप मारून शिकवत होतो आणि तो ऐकत होता. हे खात्यात सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं.

एका रविवारी गाडी सुटली ती सरळ गेली. नाक उचललं नाही, उडी नाही. मी रेघेवर अनवाणी उभा होतो. टायरांचा आवाज मला आला नाही, पण डांबरातून तळपायांना एकसारखी धार लागली, मधे एकही ठोका नाही. छोटे शेठनं परत येऊन मला उचललंच. म्हणाला, "भाऊ, एक बार उस हिरेवाले को हरा दूं ना, तो अपना गॅरेज खोलेंगे. उधना रोड पे. तू खाता छोड दे. तू वहां का मास्तर." हिरेवाला म्हणजे हिऱ्यांच्या कारखानदाराचा मुलगा. त्याच्याकडं अशीच गाडी होती आणि छोटे शेठ त्याच्याकडून दर वेळी हरत होता.

गॅरेज. तिथं दिवसातून चार वेळा हातोडा वाजेल, दोनदा इंजिन घुमेल, बाकी शांत. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "शेठनी बात शे. आयकी ल्या आन सोडी द्या."

मी म्हटलं, ऐकून घेण्यापुरताच कान उरलाय, सोडू कशाला? ती हसली. मग हात धुऊन तिनं पोरीला माझ्या उजव्या कानाशी आणून धरलं.

हिरेवाल्याशी शर्यत ठरली. तो त्याच्या पुढच्या आठवड्यात धंद्यासाठी परदेशी जाणार होता, वर्ष-दोन वर्षं येणार नव्हता. म्हणजे एकच रविवार. त्याच्या आदल्या शुक्रवारी मी गाडी जॅकवर घेऊन पुढचं उजवं चाक हातानं फिरवलं, आणि एक्सलच्या सांध्यात मला ढील लागली. आवाज नव्हता, हाताला एक बारीक टक् लागलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा टक्. बाकी सगळीकडचं रबर मी काढून टाकलं होतं, जिथं जिथं गाडीला थोडं दबता येत होतं तिथं तिथं ती कडक केली होती. जोर कुठंतरी जाणारच होता, तो दोन महिने त्या सांध्यात जात होता.

सांधा नवा घालायचा तर तो मुंबईहून मागवावा लागणार. रविवार गेला असता. हिरेवाला गेला असता, गॅरेज गेलं असतं. मी चाक खाली टेकवलं, हात पुसले आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मनाला सांगितलं की चारशे मीटरचा तर प्रश्न आहे, तेवढं तग धरेल. आपण स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा आवाज किती समजूतदार असतो, हे मी त्या दिवशी ऐकलं.

रविवारी पहाटे रस्त्यावर दव होतं. समुद्राकडची बारीक वाळू डांबरावर पसरली होती. छोटे शेठनं सरावाला गाडी एकदा सोडून बघितली, तर उडी नाही, पण चाकं जागच्या जागी फिरली. हिरेवाला आपल्या गाडीला टेकून चहा पीत बघत होता. छोटे शेठ माझ्याकडं आला. त्याचा चेहरा उतरला होता. मला म्हणाला, "कुछ कर, भाऊ."

जॉबरच्या पिशवीत राळ असतेच. पट्टा पुलीवरून घसरायला लागला की राळेची पूड लावतात, म्हणजे तो धरतो. पण चिमटीनं लावायची, मुठीनं नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कारण कधी ना कधी धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत मधेच अडकतो, त्या क्षणी पट्टा घसरला तर लूम वाचतो. राळ जास्त झाली तर पट्टा घसरत नाही आणि मग लोखंड तुटतं. मी स्वतः हाताखालच्या माणसांना यावरून शिव्या घातल्या होत्या. पट्टा घसरतो म्हणून बोंबलू नका, घसरतो म्हणून तुमचं पोट चाललंय, असं म्हणायचो.

त्या पहाटे मी पिशवीतली सगळी राळ दगडानं कुटली. रेघेजवळचं डांबर फडक्यानं कोरडं केलं, त्यावर राळ पसरली, दोन्ही टायरांना चोळली, आणि छोटे शेठला गाडी राळेवर थोडी घोळवायला लावली. टायर असा चिकट झाला की तळवा लावला तर कातडी ओढली जात होती. ज्या गाडीला कुठं दबायची सोय ठेवली नव्हती, तिची घसरायची सोयही मी काढून घेतली. शुक्रवारचं ते टक् माझ्या हातात होतंच. ते गेलं नव्हतं.

छोटे शेठनं काच खाली करून विचारलं, "टूटेगा तो नहीं कुछ?"

त्यानं गंमतीत विचारलं नव्हतं. मी माझा उजवा कान पुढं करून ते नीट ऐकलं होतं. मी म्हणालो, "नहीं टूटेगा."

रुमाल पडला. गाडी सुटली. तिचं ते सुटणं मी अजून विसरलो नाही. घसरली नाही, उडाली नाही, नाक खाली ठेवून ती अशी निघाली की हिरेवाल्याची गाडी उभी आहे असं वाटलं. गाडीभर पुढं होती. दीड गाडी. दुसरा गिअर पडला आणि माझ्या पायांखालच्या डांबराला एक धक्का बसला, एकच. उजवा एक्सल सांध्यातून तुटला. गाडी उजवीकडं ओढली गेली, आडवी झाली आणि कडेच्या वाळूत रुतून थांबली. हिरेवाला बाजूनं निघून गेला.

मी धावलो. धावताना माझ्या तोंडातून काय निघत होतं ते मला कळत नव्हतं. नंतर लोक म्हणाले, मी रडत होतो. मला वाटलं मी माणूस मारला. दोन महिने कान वाचवायच्या नादात माणूस मारला. पण छोटे शेठ दार उघडून स्वतः बाहेर आला, कपाळाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, तुटलेला एक्सल वाकून बघितला, आणि हसला. सिगारेट पेटवली. म्हणाला, "चलो, मजा आया."

त्यानं मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं असतं, तुला माहीत होतं का, तर मी सांगितलं असतं. त्यानं काही विचारलंच नाही. गाडी दोरीनं बांधून ओढत नेली. मी एकटाच मागं राहिलो आणि फडक्यानं रस्त्यावरची राळ पुसत बसलो. का, ते सांगता येणार नाही. नंतर कुणाचं चाक तिथं चिकटेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

महिन्याभरानं गाडी विकली गेली. छोटे शेठला पतंगांचा का घोड्याचा, कसला तरी नवा नाद लागला होता. मी पंधरा दिवस धीर गोळा केला आणि एकदा तो अंगणात दिसला तेव्हा हात पुसत त्याच्यापुढं गेलो. गॅरेजचं विचारलं. तो माझ्याकडं बघत राहिला. टाळत नव्हता, खरंच आठवत होता. मग म्हणाला, "कौनसा गॅरेज, भाऊ?"

मला त्याचा राग आला नाही, आणि हे मी मोठेपणानं सांगत नाही. राग यायला मी कुठंतरी बरोबर असायला हवा होतो. गाडी जिंकली असती तरी त्याला गॅरेज आठवलं असतं का, ते कळायचा मार्ग मीच मोडून टाकला होता. नवा सांधा घालून हरलो असतो, तरी निदान त्याच्या डोळ्यांत बघून विचारता आलं असतं. आता त्यानं "कौनसा" म्हटलं आणि मी "कुछ नहीं" म्हणून लूमकडं वळलो.

बायकोनं त्यावर कधी टोमणा मारला नाही. मारायला हवा होता. तिनं फक्त खात्यात जाताना कानात घालायला कापसाचे बोळे करून द्यायला सुरुवात केली, तेलात बुडवून. मी ते घालायचो. डॉक्टरनं दोन-तीन वर्षं म्हटलं होतं, त्याहून थोडं लवकर झालं. कान एका दिवसात जात नाही. आधी गाडीचा हॉर्न जातो, मग कुकरची शिट्टी, मग दाराबाहेर कुणी हाक मारतंय ते. मुलगी बोलायला लागली तेव्हा तिचे पहिले काही शब्द मी कानाशी धरून ऐकले, ते मी नाकारत नाही. नंतर ती मोठी होत गेली, कानाशी धरण्याएवढी राहिली नाही, आणि मला तिचा आवाज दूर गेल्यासारखा वाटायला लागला. दूर तो नव्हता.

खात्यातली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. तिथं ओरडून उपयोग नसतो, म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं बघून समजायचं. मला त्याची सवय होती, त्यामुळं घरात माझं फारसं अडलं नाही. बायको बोलायची, मी बघायचो. मुलगी बोलायची, मी बघायचो. ती तर फार छान बोलायची, सगळं तोंडभर, शब्द न् शब्द दिसेल असं. मला वाटायचं, पोर किती स्पष्ट बोलते. मी लोकांना सांगायचो तसं.

ती पाच वर्षांची असताना एक दिवस संध्याकाळी माझ्यासमोर बसून शाळेतलं सांगत होती. कुणी कुणाची पाटी फोडली, बाई काय म्हणाल्या. मधेमधे मी विचारत होतो, मग? पुढं? बायको आमच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत होती. ती वळली आणि तिनं मला विचारलं, "कोनासंगे बोली राहिनात?"

मी म्हटलं, कोणाशी म्हणजे? पोरीशी. शाळेतलं सांगतेय ना ती, केव्हाची.

बायको माझ्याकडं बघत राहिली. मग पोरीकडं. म्हणाली, "ती ते एक शबद बी नही बोलनी."

मी मुलीकडं पाहिलं. ती गोंधळून दोघांकडं बघत होती, तिला काही चुकलं असं वाटत होतं. मग बायकोनं आठवून आठवून मला सांगितलं की पोर तिच्याशी बोलते, शेजारच्या पोरांशी बोलते, भांडते, ओरडते, गाणी म्हणते. माझ्यासमोर आली की आवाज बंद करते आणि नुसते ओठ हलवते. कधीपासून, ते तिलाही सांगता येईना. मला कळण्याचा तर प्रश्नच नव्हता.

बायको उठून आली, पोरीसमोर बसली आणि तिला म्हणाली, बाशी मोठ्यानं बोल. ऐकतोय तो. बोल, बा म्हण.

मुलगी माझ्याकडं वळली. तिचे ओठ उघडले, मिटले. बा. मला तो शब्द अगदी स्वच्छ दिसला. तिनं तो मोठ्यानं म्हटला की हळू म्हटला की म्हटलाच नाही, हे बघायला मी बायकोकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.